चाळिसाव्या दिवसाचा कागद

स्टामेनने जाड शब्दकोश उघडला आणि त्यात दोन वर्षं पडून असलेलं पत्र काढून टेबलावर ठेवलं. पत्राबरोबर चार अर्धवट लिहिलेले कागदही बाहेर आले. ते त्याने घाईने परत आत सारले, पण पुतणीने पाहायचं ते पाहिलं होतं.

"हे बाबांना लिहिलेलं उत्तर?" नेवेनाने विचारलं.

"उत्तर नाही. नुसत्या सुरुवाती."

पत्र धाकट्या भावाचं, राडोयचं होतं. अक्षर शाळेत होतं तसंच, उताराला लागलेलं. 'दादा, माझा सिनेमा लागलाय. एका म्हाताऱ्या नटाच्या जागी मी पडतो. तोंड दिसत नाही, पण तू ओळखशील. परीक्षण नको. एकदा तरी हसलास का, एवढंच कळव.'

स्टामेन तेव्हा गावच्या वाचनालयात कामाला होता. समोरच्या भिंतीवर त्या सिनेमाचं पोस्टर लागलं होतं. दोन पिस्तुलवाले आणि मधे एक बकरा. तो गेला नाही. न पाहता खोटं लिहिणं जमेना, आणि पाहून खरं लिहायची भीती वाटली. सोफिया शहरातल्या स्टुडिओत राडोयने तीस वर्षं दुसऱ्यांच्या वाटच्या उड्या मारल्या होत्या, जिन्यांवरून, छपरांवरून. त्याबद्दल स्टामेनने कधी काही विचारलं नव्हतं. उत्तराला उशीर झाला, मग उशिराची लाज वाटू लागली. आणि या मार्चमध्ये राडोयचं हृदय बंद पडलं, घरी, खुर्चीत बसल्या बसल्या.

दोन दिवसांनी त्याचा चाळिसावा दिवस येत होता. उकडलेले गहू साखर घालून लोकांना वाटायचे, आणि दारावर, चौकातल्या खांबांवर श्रद्धांजलीचा नवा कागद लावायचा. फोटो, नाव, खाली चार ओळी. राडोय गेला तेव्हाचा कागद स्टामेननेच लिहिला होता. 'सिनेमा व्यवसायात कार्यरत' एवढंच त्याला सुचलं होतं.

"छापखान्याला आज मजकूर हवाय," नेवेना म्हणाली. "त्यांच्याकडे तयार कविता असतात. चार नंबरची सगळे घेतात."

"मेणबत्तीवाली?"

"मेणबत्ती आणि तारा. बाबा म्हणायचे, माझ्या कागदावर ती छापलीत तर मी उठून येईन आणि खांबावरून फाडून टाकीन."

स्टामेन टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "मग काय लिहू मी?"

"आधी सिनेमा बघा." तिने पिशवीतून संगणक काढला. "दीड तास फक्त, काका. नाहीच आवडला तर मेणबत्ती आहेच."

त्याने खुर्ची जरा तिरकी ठेवली, मधेच उठता यावं अशी. पहिली दहा मिनिटं गाड्या एकमेकींवर आदळत होत्या. त्याला वाटलं होतं तसंच. मग बकऱ्याने लुटीचा नकाशा खाल्ला. मग पाठलाग ऐन भरात असताना रस्त्यात एक प्रेतयात्रा आडवी आली. चोरांनी गाडी थांबवली, पोलिसांनीही थांबवली. सगळ्यांनी खाली उतरून टोप्या काढल्या. यात्रा संथपणे वळणाआड गेली, टोप्या डोक्यावर चढल्या आणि गोळीबार पुन्हा सुरू झाला.

स्टामेनच्या घशातून काहीतरी आवाज निघाला.

"खोकला," तो म्हणाला.

"हो का," नेवेना पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली.

थोड्या वेळाने चोर एका कचेरीत घुसले. जिन्यावरून एक म्हातारा कारकून पुस्तक वाचत उतरत होता. त्याला धक्का बसला. पडण्याआधी त्याने पानात बोट घातलं, आणि मग तो अकरा पायऱ्या गडगडत आला, पुस्तक डोक्यावर उंच धरून. खाली आपटल्यावर तो उठून बसला, पाठमोराच. मनगटाच्या मागच्या बाजूने त्याने चष्मा वर ढकलला, बोट होतं तिथे पुस्तक उघडलं आणि पुढे वाचू लागला.

या वेळी खोकल्याचं नाव सांगता आलं नसतं. स्टामेन खुर्चीचा हात धरून हसला. डोळ्यांत पाणी आलं तसा चष्मा वर सरकवायला त्याने हात उचलला, आणि मनगट कपाळाजवळ तसंच थांबलं.

घराच्या तळघराचा जिना. खाली आंबट कोबीचं पिंप. तो एकोणीस वर्षांचा होता, राडोय आठ. पुस्तक वाचत उतरताना स्टामेन गडगडला होता, बोट पानातच ठेवून; ते फक्त राडोयने पाहिलं होतं, आणि तो उचकी लागेपर्यंत हसला होता. स्टामेन त्याच्याशी आठवडाभर बोलला नव्हता.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

तिने पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तो हसला नाही. प्रत्येक पायरीवर आपटणारा खांदा तेवढा तो बघत होता.

"लागलं असेल त्याला."

"खांदा निखळला. दुसऱ्या खेपेला."

"दोनदा पडायला लावलं?"

"कुणी नाही लावलं. पहिल्या खेपेला बोट पानातून निसटलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, चालेल, बोट कोण बघतंय." नेवेना थांबली. "बाबा म्हणाले, एक जण बघेल."

स्टामेन उठून खिडकीशी गेला. मग टेबलाशी येऊन त्याने एक कागद ओढला आणि न खोडता लिहिलं. नेवेनाने तो दोनदा वाचला.

"काका, हे गावभर वाचतील."

"वाचू दे."

चाळिसाव्या दिवशी सकाळी तो पोस्टाजवळच्या खांबाशी उभा होता, एका हातात खळीचा डबा. एरवी पोस्ट टाळून तो मागच्या गल्लीने जायचा. पोस्टातली पेन्का दार उघडायला आली होती. ती थांबून वाचू लागली. फोटोखाली राडोयचं नाव होतं, आणि त्याखाली:

'राडोय, पत्र मिळालं. सिनेमा पाहिला. हसलो. बोट शेवटपर्यंत पानातच होतं. — दादा'

"ते पत्र मीच आणून दिलं होतं तुला," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. आमचं पोस्टसुद्धा इतकं रखडत नाही, स्टामेन."

"हो," तो म्हणाला. "उशीरच झाला."

तिने पिशवी खाली ठेवली आणि वाऱ्याने फडफडणारा एक कोपरा धरला. स्टामेनच्या बोटांना खळ लागली होती. त्याने मनगटाने चष्मा वर ढकलला आणि उरलेले तीन कोपरे दाबून बसवले.