धुतलेला नमुना

सव्वीस वर्षं मी जालन्यात कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. मी धुतलेल्या काचेच्या बशीत खुशाल तोंड पाहून भांग पाडावा. प्राध्यापक बदलले, प्राचार्य बदलले, धुणारा हात तोच. म्हणून आधीच सांगतो, माझ्याकडून चूक झाली ती आळसानं नाही, अतिशहाणपणानं झाली.

आकांक्षा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. सगळ्या पोरांसारखी मला मामा म्हणते. तिचा प्रबंध आमच्याच गावच्या तळ्यावर होता, मंठा रस्त्याला. तळ्यात कमळ पूर्वीपासूनचं. जलपर्णी सात-आठ वर्षांखाली कुठून तरी आली आणि निम्मं तळं खाऊन बसली. दोन्हींच्या पानांवर, मुळांवर जिवाणूंची वस्ती असते. पाणी एकच, घरमालकिणी दोन; मग भाडेकरू तेच की वेगळे, एवढंच तिला शोधायचं होतं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नमुने घेऊन झाले, दोन्ही वेळा मी बरोबर होतो. उन्हाळ्यातला तिसरा राहिला होता, आणि त्याच्याशिवाय तिचं वर्ष वाया जाणार होतं.

मे महिन्यात ग्रामपंचायतीनं तळ्यातला गाळ काढायला पोकलेन बोलावला. बुधवारी दुपारी कळलं की गुरुवारी सकाळी आठलाच काम सुरू होणार, आणि त्याच वेळेला आकांक्षाचा पेपर. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, मी आणतो, दोनदा पाहिलंय, त्यात काय मोठं! तिनं बर्फाची पेटी, पिशव्या, हातमोजे दिले आणि चारदा सगळं समजावलं. मी चारही वेळा मान डोलावली. ऐकलं एकदाही नाही.

गुरुवारी उजाडताच तळ्यावर गेलो, दोन्ही झाडं मुळांसकट उपटली, वेगवेगळ्या पिशव्यांत भरली. घरी येऊन पाहतो तर मुळांना काळा चिखल. माझ्या प्रयोगशाळेत चिखल? बायकोला, गिरिजाबाईला सांगितलं, चांगलं चोळून धू. तिनं कमळ एका बादलीत आणि जलपर्णी दुसरीत धुतली, कारण जलपर्णीला वास मारतो. मग मेथीच्या जुड्या बांधाव्यात तशा नीट जुड्या बांधून दिल्या.

पेपर संपवून आकांक्षा अकराला आली. पेटी उघडली आणि स्टुलावर बसली.

"मामा, हे कुणी धुतलं?"

"घरी धुवून घेतलं. चिखलाचा कण न्हाई बघ."

"मला जे पाह्यचं होतं ते त्या चिखलातच होतं, मामा. अन् पानावर जे चिकटलेलं होतं, ते."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात फोन लावला, तर पोकलेननं कमळ आणि जलपर्णी एकत्र करून ट्रॉल्यांत भरायला घेतलं होतं. तळं गेलं होतं.

मग डोकं चाललं. सव्वीस वर्षं मी धुवून पाणी मोरीत सोडत आलो, पण आमच्या घरी मोरीत पाणी जात नाही. आमच्याकडे नळाला नवव्या दिवशी पाणी येतं. गिरिजाबाईला फोन केला.

"दोन्ही बादल्या झाकून ठिवल्यात," ती म्हणाली. "वासाचं पानी म्हशीला कसं पाजू? दिस कलला की कढीपत्त्याला घालीन. पानी काय फेकायला येतंय का?"

मी म्हटलं, हात लावू नको. मोटारसायकलवर आकांक्षाला घेऊन तसाच निघालो. तिनं दोन्ही बादल्यांतलं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेतलं, आणि तिसरी बाटली ज्या हौदातल्या पाण्यानं धुणं झालं होतं त्या हौदात बुडवली. हौदात आधीच काय होतं ते कळायला नको का, असं तिनं मला समजावलं. या वेळी मी ऐकलं.

प्रत्येक पाण्याचे थेंब तिनं जिवाणू वाढवायच्या बशांत पसरून ठेवले आणि तीन दिवसांनी बशा काढल्या. हौदाच्या बशीत जिवाणूंचे तुरळक ठिपके. कमळाच्या बशीत पिवळे, नारिंगी, गुलाबी, पांढरे, नाना तऱ्हेचे. जलपर्णीच्या बशीत गर्दी अफाट, पण बहुतेक एकाच जातीची. धुतलेली पानंही तिनं तपासली. आता तिच्या हातात एक नवीनच गोष्ट होती, काय धुवून जातं आणि काय चोळूनही हटत नाही. एवढ्यावर सिद्ध काही होत नाही, असं तीच म्हणाली. पण हा नमुना आधीच्या दोन नमुन्यांसारखा घेतलेला नाही हे प्रबंधात स्पष्ट लिहायचं तिनं ठरवलं. माझं नाव गाळते म्हणाली. मी म्हटलं, बिलकुल गाळायचं न्हाई.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. प्रबंधात धुतलेल्या नमुन्याच्या पानावर थांबून त्यांनी विचारलं, ही चूक कुणाची? आकांक्षा खाली पाहू लागली. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभा होतो.

"माझी, सर. अन् पानी माझ्या घरच्यांनी राखलं. ते बी लिवलंय का बघा."

सरांनी पानं मागंपुढं केली आणि दोन्ही ठिकाणी बोट ठेवून दाखवलं. माझं नाव 'त्रुटी' या मथळ्याखाली होतं. गिरिजाबाईचं 'पद्धत' या मथळ्याखाली.

बराबर लिहिलंय, असं म्हणून मी चहा पुढं केला.