एमिल ऑर्सॅकचा स्पीकर

डेल्बर्टनं गॅरेजमध्ये अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, गिटारची एक तार छेडली आणि तो घाबरलाच. आवाज स्वच्छ होता. धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ!

आता आवाज स्वच्छ आला म्हणून कुणी घाबरतं का? पण डेल्बर्टचं तसं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात त्यानं दाढीच्या ब्लेडनं स्पीकरच्या कागदाला स्वतःच्या हातानं चिरा पाडल्या होत्या. तेव्हापासून त्याची गिटार गुरगुरायची, अंगावर धावून यायची. असा आवाज काढणारी डबी दुकानात मिळत होती म्हणा, पण ती लावली की सगळ्या टेक्ससचे बँड एकाच घशानं ओरडल्यासारखे वाटायचे. त्याच्या ‘टिन मून’ बँडला पोरं ओळखायची ती या फाटक्या आवाजावरून. आणि आज दुपारी ह्यूस्टनच्या स्टुडिओत त्यांची पहिली मोठी रेकॉर्ड व्हायची होती. पहिली आणि बहुतेक शेवटची, कारण गाणारा रॉइस सोमवारी सैन्यात हजर होणार होता. १९६७ साल होतं. सरकारचं बोलावणं आलं की पोरं सरळ व्हिएतनामला जात.

“काय रे, कसा वाजतोय?” डॅडी दारात उभे होते.

डॅडी, म्हणजे एमिल ऑर्सॅक, गावात रेडिओ दुरुस्त करायचे आणि दर रविवारी युरोपातून आलेल्या चेक लोकांच्या हॉलमध्ये नाचासाठी अकॉर्डियनवर पोल्का वाजवायचे. वर्षभर त्यांनी पोराच्या संगीताचा उद्धार केला होता. “गिटार वाजवतोस की करवत चालवतोस?” हे ठरलेलं. आज मात्र इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर चर्चला जायची हॅट.

“डॅडी, तुम्ही याला हात लावलात?”

“लावला म्हणजे? अरे, आतला कागद पार चिंध्या झालेला! उंदरांनी कुरतडला असणार. म्हटलं, पोराची रेकॉर्ड निघतेय आणि हे फाटकं घेऊन हा ह्यूस्टनला जाणार? लोक म्हणतील, बाप रेडिओवाला आणि पोराची ही दशा! म्हणून काल रात्री माझ्या अकॉर्डियनच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर काढून बसवला.”

“आणि जुना?”

“जाळला सकाळीच, कचऱ्याच्या पिंपात.”

“मग तुमच्या उद्याच्या नाचाचं काय?”

“बघू. मागच्यांना ऐकू नाही आलं तर येतील पुढे!” डॅडी हसले. पोराच्या गाण्यावरून ते असे कधी हसलेच नव्हते. डेल्बर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ता सांगून टाकावं, असं दहादा मनात आलं, पण तो नुसताच वायर गुंडाळत राहिला.

डॅडींनीच सगळ्यांना आपल्या ट्रकमधून नेलं. ड्रमवाला आणि बेसवाला मागे सामानाजवळ बसले. पुढे रॉइसचे गुडघे सारखे उडत होते आणि डेल्बर्ट नखं खात होता. डॅडी आपले पोल्का गुणगुणताहेत.

स्टुडिओत पहिलंच गाणं सुरू झालं आणि चार ओळींतच रॉइसनं हात वर केला. “थांबा, थांबा! डेल्बर्ट, हे काय? कुणाचं लग्न आहे का इथे?”

पुन्हा वाजवलं. आवाज वाढवला, बटणं पिळली. काही उपयोग नाही. काचेमागून ध्वनिमुद्रकानं सांगितलं की पाच वाजता दुसरा बँड येतोय. डॅडी कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर घरच्या गोड पावांचा, कोलाचेंचा डबा घेऊन बसले होते. त्यांच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. तेच तर डेल्बर्टला बघवेना.

रॉइसनं त्याला भिंतीशी ओढलं. सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून ब्लेड काढून पुढे धरलं. “फाड.”

“वेडा आहेस का? तो त्यांचा आहे.”

“लेका, तुला पुढच्या वर्षी दुसरी रेकॉर्ड करता येईल. मला?”

डेल्बर्टनं गिटार खाली ठेवली. तो डॅडींसमोर जाऊन उभा राहिला.

“डॅडी, उंदीर नव्हते. मीच फाडला होता तो. ब्लेडनं.”

“तू?” डॅडींना आधी कळलंच नाही. मग चेहरा लाल झाला. “चालती वस्तू? मुद्दाम? गाढवा, माझं अख्खं आयुष्य गेलं फाटलेलं जोडण्यात, आणि तू... मग मला काल बोलला का नाहीस?”

“तुम्ही त्याला हात लावणार, हे काल मला माहीत नव्हतं. आणि आज तुम्ही इतके खुशीत होता.”

डॅडींची नजर रॉइसच्या हातातल्या ब्लेडवर गेली. “आणि आता हाही फाडणार?”

“नाही,” डेल्बर्ट म्हणाला. “तुम्ही नको म्हणालात तर नाही.”

तेव्हा रॉइस पुढे आला. एरवी तोंडाळ पोरगा, पण आता आवाज खाली आलेला. “मिस्टर ऑर्सॅक, मी परवा जातोय. नाही परत आलो तर आईकडे ही रेकॉर्डच राहणार. त्यात मी मीच वाटायला हवा ना हो?”

एमिलनी दोघांकडे पाहिलं. कोलाचेंचा डबा खुर्चीवर ठेवला, हॅट नीट केली. “मला नाही बघवणार,” एवढंच बोलून ते बाहेर निघून गेले.

डेल्बर्टनं स्पीकर फाडला. घाईघाईत चिरा वेड्यावाकड्या गेल्या. मग गिटार अशी काही गरजली की ड्रमवाला चमकून वर बघायला लागला. रॉइस जीव तोडून गायला, पाच वाजेपर्यंत गायला. डेल्बर्टनं मात्र एकदाही मान वर केली नाही. कोलाचेंचा डबा तसाच भरलेला घरी परत आला.

रविवारी गॅरेजमधल्या अ‍ॅम्प्लिफायरचं पोट रिकामं होतं. डेल्बर्ट तसाच धावत हॉलवर गेला आणि दारातच थबकला. रविवारी दुकानं बंद, दुसरा स्पीकर आणणार कुठून? डॅडींनी तोच फाटका आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये परत बसवला होता. अकॉर्डियनचा पहिला सूर निघाला तो घरघरत, किंचाळत. जोड्या पाय उचलता उचलता थांबल्या. म्हाताऱ्या मिसेस हायोव्स्कींनी कानांवर हात ठेवले.

“एमिल!” कुणीतरी ओरडलं. “अरे, तुझा स्पीकर फाटलाय!”

डॅडींचे हात थांबले नाहीत. दारातला पोरगा त्यांना दिसला असेल-नसेल.

“फाटलेला नाही!” ते तिथूनच खेकसले. “माझ्या पोरानं फाडलाय. नाचा की, उभे काय राहिलात!”