ड्रॉवरमधला फोन

क्लेटन पेनी मला पहिल्या दिवसापासून खटकला. न्यूफाउंडलंडचा माणूस आणि बडबड करत नाही? तिकडची माणसं लिफ्टमध्येसुद्धा तुमच्या आजोबांची चौकशी करतात. हा मात्र कानात इअरफोनची बोंडं खुपसून बसायचा, आणि मी मागून गेले की स्क्रीनवरचं काहीतरी झटकन बंद करायचा. तुम्ही म्हणाल, कायसा, तुझा स्वभावच संशयी. आहेच मुळी! आमच्या कामात संशय घ्यायचाच पगार मिळतो.

काम असं, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात आम्ही एक बटण अडकवतो. पडलं-झडलं की दाबायचं आणि त्यातूनच बोलायचं. खालच्या मजल्यावर नर्सबाई फोन उचलतात, धीर देतात, गाडी पाठवतात. माझे बाबा, रेइनो लाहती, तळ्याकाठच्या घरात एकटेच असतात. थंडर बेमध्ये माझ्याकडे यायला तयार नाहीत, कारण माझ्या फ्लॅटला सौना, म्हणजे आम्हा फिनिश लोकांची वाफेची न्हाणी, नाही. बटणसुद्धा नको होतं त्यांना. "दाबलं तर उचलणार कोण?" म्हणून हटून बसले होते. "मी बघते ना," असं म्हणून मीच ते त्यांच्या गळ्यात घातलं.

या बटणांमागचा सगळा कारभार क्लाउडवर चालतो, आणि त्याची दोन जगं आहेत. एक चाचणीचं, एक खरं. कुठलीही सेटिंग आधी चाचणीत बदलायची, तिथे नीट चालली तरच खऱ्यात न्यायची. नेताना दोन्हींमधला फरक एकाने ओळीओळीने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने प्रत्येक ओळीला 'हो' म्हणायचं. तेही आधी फक्त आमच्या घरच्यांच्या बटणांवर, मग बाकी सगळ्यांच्या. चाचणीतले फोन नर्सबाईंना त्रास देत नाहीत. ते वाजतात आमच्या साहेबांच्या, म्हणजे बर्निसच्या ड्रॉवरमधल्या एका जुन्या मोबाइलवर. चाचणीतली माणसं खोटी, पण खोटी नावं तरी किती सुचणार? म्हणून आम्ही आपापल्या घरातलीच घातली आहेत. बर्निसचा नवरा त्या ड्रॉवरमध्ये रोज पडतो. माझे बाबाही पडतात. फोन वाजला म्हणून कुणी मान वर करत नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शुक्रवार होता. शुक्रवारी आम्ही खऱ्या जगाला हात लावत नाही, पण सुट्टीआधी वरच्यांना 'झालं' म्हणून कळवायची बर्निसला घाई. बदल एवढासाच होता, फोन किती वेळात उचलायचा ती मुदत कमी करायची. मी फरक काढला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. खऱ्यात एक ओळ जास्त होती. चाचणीत तिचा पत्ताच नाही. काहीतरी लांबलचक, अगम्य आकडा, आणि बदल करणाऱ्याचं नाव क्लेटन पेनी.

"ही काय भानगड आहे?" मी विचारलं.

त्याने कानातली बोंडं काढली. "ती राहू दे. सांगतो, पण आधी खाली नर्सबाईंकडे एक खात्री करून येतो. तोवर काही हलवू नका, प्लीज." आणि गेलासुद्धा.

वा रे वा! विचारलं की पळ काढायचा. मी तडक बर्निसकडे गेले.

"तो फोन कुठेतरी वळवतोय," मी म्हणाले. "कोण म्हातारा कुठे राहतो, कधी एकटा असतो, हे विकत घेणारे लोक आहेत बाजारात."

"अगं, क्लेटन? तो स्वतःचा डबा उघडतानासुद्धा लाजतो."

"तसलेच असतात."

बर्निसने घड्याळ पाहिलं. "मग उडवू या. चाचणीतलं जसंच्या तसं खऱ्यात टाकते, त्याची ओळ आपोआप जाईल. तू फरक वाचलास ना? म्हण 'हो'."

मी 'हो' म्हटलं. अगदी खुशीत म्हटलं.

आमच्या घरच्यांच्या बटणांवर बदल गेला. थोड्या वेळाने बर्निस कोट चढवत असताना ड्रॉवर वाजला. तिने डोकावून पाहिलं आणि हसली. "तुझे बाबा पडले गं पुन्हा! वाजू दे. मी पर्शियन बन घेऊन येते, सगळ्यांना गुलाबी आयसिंगवाले." ड्रॉवर ढकलून ती गेली.

मी क्लेटनविरुद्ध तक्रार लिहायला बसले. चांगली सविस्तर. काय काय आठवत गेलं! मध्येच ड्रॉवर वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. मला त्या आवाजाचा रागच आला.

क्लेटन परत आला तो दारातच थबकला. "खालच्या मोठ्या नर्सबाई जेवायला गेल्या होत्या, थांबावं लागलं. आत्ता चाचणी कोण करतंय?"

"तूच करत असशील."

"मी खाली होतो. बर्निस?"

"ती पर्शियन आणायला गेलीय."

आम्ही दोघांनी ड्रॉवरकडे पाहिलं.

"कायसा," तो हळूच म्हणाला, "ती ओळ आहे ना अजून?"

"काढली."

"अगं, ती नर्सबाईंच्या फोनची ओळ होती! मागच्या बदलात ती गाळली गेली होती, म्हणून मी ती खऱ्यात हाताने घातली. ती नसली की सगळं चाचणीच्या फोनवर येतं."

ड्रॉवर नेहमीसारखा अडकला. क्लेटनने हिसका देऊन तो अख्खाच बाहेर काढला. मोबाइलवर नाव होतं, रेइनो लाहती.

"हॅलो?"

"आलात का बाई," बाबांचे दात वाजत होते. "सौनाच्या पायरीवरून घसरलो. पाय हलत नाही. एक करा, माझ्या पोरीला कळवू नका. ती तिथेच वर काम करते. म्हणाली होती, मी बघते. एवढा वेळ कुणी उचललं नाही हे कळलं, तर फार लावून घेईल जिवाला."

शेजारी क्लेटन दुसऱ्या फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्यांना तळ्याचा रस्ता सांगत होता, नीट, न अडखळता. त्याच्यासमोर माझ्या स्क्रीनवर ती तक्रार उघडी होती, वरच त्याचं नाव.

"बाबा, मी कायसा."

पलीकडे दातांचं वाजणं थांबलं.

"गाडी निघालीय बाबा. केव्हा पडलात तुम्ही?"

"आत्ताच गं," बाबा म्हणाले. "आत्ताच पडलो. पहिल्याच दाबण्याला उचललंस की तू."

मोबाइलवर त्यांचे न उचललेले फोन एकाखाली एक दिसत होते. सगळ्यात खालचा, बर्निसने ड्रॉवर ढकलला तेव्हाचा.

"हो बाबा," मी म्हणाले.