आतली काच

मित्रांनो, मी या संग्रहालयातली एक जुनी काच आहे. तुम्ही मला नाक लावता, वाफ सोडून माझ्यावर मांजरं काढता, तरी मला राग येत नाही. माझं कामच ते होतं. अवकाशयानाच्या खिडकीला तीन काचा होत्या: बाहेरची, मधली आणि आतली. त्यातली आतली मी. माणसांचे धक्के, कोपरं आणि हातातून निसटलेल्या वस्तू सोसायला मला बसवलं होतं.

भट्टीतल्या एकाच रसातून आम्ही सहा बहिणी ओतल्या गेलो. तिघींवर पोलादी गोळे आदळून, आम्ही किती सोसतो ते माणसांनी मोजलं. त्यांचा चुरा फावड्यानं भरून नेला. उरलेल्या तिघींना खिडकीत जागा मिळाली.

मला घासून गुळगुळीत केलं ते एका बाईनं. कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. माझं तोंड चकचकीत झाल्यावर ती माझ्या कडा घासायला बसली, तेव्हा फोरमन वैतागला.

"मावशी, कडा चौकटीत जाणार. कोण बघतंय? आणि ही तर आतली काच. आतून हिला कोण दगड मारणार आहे?"

त्या दिवशी मावशीचा ओठ फुटलेला होता. न्हाणीत पाय घसरला, असं तिनं सकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"साहेब, कडेला खाच असली की काच तिथून फुटते," ती म्हणाली. "आणि मारणारं माणूस आतलंच असतं."

फोरमननं तिच्या ओठाकडे बघितलं आणि तो निघून गेला. मावशीनं माझ्या कडा नऊ दिवस घासल्या.

यान उडालं तेव्हा चौकटीचा स्क्रू न् स्क्रू किंचाळत होता. माझे आता तुकडे होणार, असं मला वाटलं. मग एकाएकी सगळं शांत झालं आणि खाली पृथ्वी दिसली. मित्रांनो, मी भट्टी पाहिली आहे, पण असा उजेड पाहिला नव्हता. निळा समुद्र, त्यावर पिंजलेल्या कापसासारखे ढग आणि कडेला हवेचा इतका पातळ थर, की फुंकर मारली तर उडेल असं वाटावं. पहिल्या दिवशी यानातली दोन्ही माणसं माझ्यापाशी जेवायचंसुद्धा विसरली.

त्यातला एक कप्तान होता आणि दुसरा इंजिनिअर. दोघांचे देश शेजारी शेजारी होते. वरून मात्र त्या देशांमधली रेघ काही केल्या सापडत नसे, आणि त्यावरून दोघे एकमेकांची थट्टा करत. इंजिनिअरला एक जागा अचूक सापडे. एक नदी समुद्राला मिळत होती, तिथं मिठागरांचे पांढरे चौकोन होते. त्यांच्या अलीकडे त्याच्या बहिणीचं घर होतं.

"ताई आत्ता धुणं वाळत घालत असेल," तो म्हणे आणि मला बोट लावून दाखवे. त्या बोटाचा डाग कप्तान रोज पुसे.

बाहेरची काच मोठ्या तोऱ्यात असे. वाळूएवढे खडे बंदुकीच्या गोळीसारखे येऊन तिला लागत. "तू कसली, घरकोंबडी!" असं ती मला हिणवत असे.

चौथ्या महिन्यात त्या दोन देशांत युद्ध पेटलं. वर आम्हाला आवाज येत नव्हता. फक्त धूर दिसायचा. तो रोज नदीच्या आणखी जवळ येई. दोघांची थट्टा बंद झाली, मग बोलणंही. एका दुपारी ढग सरकले आणि मिठागरांच्या जागी काळा डाग दिसला. इंजिनिअरनं रेडिओवरून ताईची चौकशी केली. उत्तर आलं, की ती गल्ली आता उरलेली नाही.

"तुमच्याच लोकांनी केलं हे!" तो ओरडला.

"असेल," कप्तान म्हणाला. "पण मी तर इथं आहे रे, तुझ्यासोबत."

इंजिनिअरनं हातातला पाना उचलला. वर माणूस तरंगत असतो. जोरानं हात उगारला तर स्वतःच मागे फेकला जातो. पण दुरुस्तीसाठी त्यानं पाय जमिनीवरच्या पट्ट्यांत अडकवले होते. पहिल्या घावानं कप्तानाचं कपाळ फुटलं. रक्ताचे लाल मणी हवेत तरंगू लागले. दुसऱ्या घावाच्या वेळी कप्तान बाजूला झाला आणि पाना माझ्यावर बसला.

माझ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग पडली. फुटले असते तर माझे तुकडे त्या खोलीभर तरंगले असते, दोघांच्या डोळ्यांत आणि श्वासात गेले असते. पण माझ्या कडेला एकही खाच नव्हती. मी टिकले.

इंजिनिअरनं भेग पाहिली आणि पाना सोडून दिला. कप्तानानं त्याला मिठीत धरलं. इंजिनिअरनं आधी त्याला गुद्दे मारले, मग त्याच्याच खांद्यावर तोंड लपवून तो ओक्साबोक्शी रडला. यान उतरेपर्यंतचे बारा दिवस त्या दोघांनी एकमेकांच्या आधारानं काढले. खाली उतरल्यावर त्यांनी सांगितलं, की काचेला अवकाशातला खडा लागला. बाहेरच्या काचेवर खड्यांचे व्रण होतेच, त्यामुळे कुणी खोलात शिरलं नाही. माझ्या पाटीवरही तेच लिहिलं आहे.

मागच्या आठवड्यात मावशी आली होती. केस पांढरे झालेत, ओठावरचा व्रण मात्र तसाच आहे. तिनं पाटी वाचली, भेगेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"खडा कसला? हा घाव आतून बसलाय."

शेजारी एक मुलगी उभी होती. "आजी, आतून कोणी मारलं मग?"

"घरच्यानंच, बाळा. दुसरं कोण?"

मित्रांनो, बाहेरच्या खड्यांपासून पृथ्वीला सांभाळायला तो हवेचा पातळ थर आहे. येणारे बहुतेक खडे तो जाळून टाकतो. आतून बसणारे घाव सोसायला मात्र तिच्याजवळ काच नाही. कुणावर हात उगारावासा वाटला, तर आधी इथं या आणि माझ्या भेगेवरून बोट फिरवा. माझ्यावर डाग पडले तरी चालतील.