कोचचा पैरा

सकाळी सहाला मैदानाचं फाटक लावायचं, ही भीमरत्न कांबळेची गोव्याहून आणलेली सवय. तिथल्या फुटबॉल क्लबात तो दुय्यम प्रशिक्षक होता. एकदा फाटकाबाहेर राहिलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आधीच येऊन उभा राहायचा. पगारी माणूस, जागा गेली की चूल गेली. बेळगावच्या कॉलेजात लागल्यावरही त्याने तेच सुरू ठेवलं. गोलकीपर स्वरूप पुन्हा एकदा उशिरा आला, तेव्हा भीमरत्न गजांआडूनच म्हणाला, "तू संघाबाहेर. नीट विचार कर आणि मग ये."

"बरं सर," म्हणून स्वरूपने गाडी वळवली. तो आलाच नाही. मग त्याच्या येळ्ळूर गावची बाकीची पोरंही येईनाशी झाली, आणि निम्मा संघ येळ्ळूरचाच होता. फाटक अजूनही वेळेवर लागायचं. आत भीमरत्न आणि उरलेली पोरं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, त्यालाच कुणीतरी कोंडून ठेवलंय.

प्राचार्या नीलमबाईंनी बोलावून आधी चहा दिला.

"क्लबातला कोच कॉलेजात चालत नाही, असं सगळी कमिटी म्हणत होती. मी एकटी भांडले," त्या म्हणाल्या. "शनिवारच्या मॅचला संघ उतरला नाही, तर पुढच्या वर्षी तुमच्यासाठी मला तोंड उघडता येणार नाही."

गोव्यातली जागा भरून झाली होती. बायकोला, उपासनाला, इथल्या शाळेत आत्ता कुठे नोकरी लागली होती. परत फिरायला वाट नव्हती. भीमरत्न तसाच येळ्ळूरला गेला.

स्वरूपच्या रानात भाताची लावण चालली होती. चिखलात रांगेने वाकलेली सगळी भीमरत्नच्याच संघातली पोरं. त्यांना एवढी सरळ रांग धरता येते हे त्याला ठाऊक नव्हतं.

"चल स्वरूप, तुला परत घेतलं," तो बांधावरून म्हणाला.

"आता न्हाय जमणार सर. पैरा हाय. आज समदी माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या. मजुरी न्हाय, दिवसाला दिवस. पहाटे रोप काढून येत हुतो, म्हणून उशीर व्हायचा."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"फाटक लावलं हुतं की."

रांगेतून कुणीतरी विचारलं, "सर, क्लबात भात लावत न्हाईत काय?" रांग हसली.

"शनिवारी मॅच आहे."

"शनिवारी ह्या ज्योतिबाचं रान हाय," स्वरूपने शेजारच्या पोराकडे बोट दाखवलं.

"नाही आलास तर मी..." भीमरत्नने सुरुवात केली, पण पुढे काही सापडेना. पगार कापीन? करार मोडीन? या पोराचं काहीच त्याच्या हातात नव्हतं.

स्वरूपची आई मनुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शनिवार मोकळा पायजे, तर आज, उद्या, परवा हात वाढाय पायजेत. ज्योतिबाचं रान शुक्रवारीच उरकूया. तुमी उतरा सर. तुमचं दिवस आमच्यावर चढलं, की शनिवारी पोरं फेडतील."

भीमरत्नची आजी यल्लव्वा जन्मभर बोरगावात लोकांच्या तंबाखूच्या रानात राबली होती. परक्याच्या रानात वाकायचं नाही, हे बापाने त्याला पाढ्यांआधी शिकवलं होतं. पण आजीकडून लोकांनी काम घेतलं होतं. पैऱ्याला तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं. ज्याचा दिवस आपल्या दिवसाच्या तोलाचा, त्याच्याशीच पैरा करतात. हा मान आहे की फास, हे त्याला कळेना. त्याने बूट काढून बांधावर ठेवले.

चिखलाने पाय धरले. एक उपसावा तर दुसरा खोल जायचा.

"पुढं न्हाय सर, मागं सरत लावायचं," स्वरूप म्हणाला.

"सर ऑफसाईड," ज्योतिबा पुटपुटला.

उन्हं उतरेपर्यंत भीमरत्न मागे सरत राहिला. शेवटी कंबर धरून त्याने विचारलं, "शनिवारी येतील ना सगळे?"

"शब्द हाय," मनुबाई म्हणाली. "उद्या ह्या कृष्णातच्या रानात. पहाटे या, रोप काढायचं हाय."

"पहाटे प्रॅक्टिस असते."

"पोरं हितं, मग प्रॅक्टिस कुणाची घेतासा?"

त्याने बांधावरचे बूट उचलले. मग जपून म्हणाला, "शनिवार झाला की फिटलं ना सगळं?"

"फिटतंय कसं? शनिवारी आमच्या आठ पोरांचा दिवस घेणार न्हवं तुमी?" मनुबाईने हातावरचा चिखल धुतला. "त्यातनं तुमचं तीन जातील. बाकीचं पाच तुमच्यावर चढतील की. लई रानं पडल्यात अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानाचं फाटक बंदच होतं. शहरातली पोरं बाहेर ताटकळत उभी होती. किल्ली भीमरत्नच्या खिशात होती, आणि भीमरत्न कृष्णातच्या रानात, गुडघाभर चिखलात.