काळी टेप, तीन वेढे

हाफ्लिदीने आयुष्यात एकही गोष्ट दोनदा सांगितली नाही. बायकोला लग्नाचं विचारलं तेसुद्धा एकदाच. तिला नीट ऐकू आलं नाही, ती ‘काय?’ म्हणाली, तर हा टोपी उचलून चालू लागला. ती मागे धावली म्हणून थोर्दीस जन्माला आली, असं गावात अजून सांगतात.

म्हणूनच त्या जूनच्या दुपारी गावच्या पोहण्याच्या तलावावर, तिकिटांच्या खिडकीत बसलेल्या थोर्दीसच्या फोनवर बापाचा ‘सगळं ठीक आहे’ हा निरोप दुसऱ्यांदा आला, तेव्हा टॉवेलाची घडी तिच्या हातात तशीच राहिली. पहिला आला होता एक पस्तीसला. हा त्यानंतर दोनच मिनिटांनी.

बाप एकोणसत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं त्याने वरच्या पठारावरचे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात. याने मोटरसायकल घेतली आणि त्याच रस्त्यांवर एकटा भटकू लागला. तिथे फोन चालत नाही. म्हणून थोर्दीसने त्याला ट्रॅकर घेऊन दिला होता. मुठीएवढी डबी, थेट उपग्रहाशी बोलणारी. तो कुठे आहे ते दर दहा मिनिटांनी थोर्दीसच्या नकाशावर ठिपक्याने उमटायचं. डबीच्या बाजूला एक बटण होतं, ते दाबलं की ‘सगळं ठीक आहे’ एवढाच ठरलेला निरोप यायचा. आणि समोर एका झाकणाखाली लाल बटण. ते दाबलं की मदत निघायची.

नकाशावरचा ठिपका एक वीसपासून ग्राऊ नदीच्या उतारापाशी, म्हणजे गाड्या पाण्यातून पलीकडे जातात तिथे, थांबला होता. नदीच्या पलीकडे दोनशे पावलांवर गरम पाण्याचं कुंड आहे. ठिपका तिथे थांबला म्हणजे हाफ्लिदी कपडे काढून कुंडात बसलाय, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ते ठाऊक व्हायला कारण थोर्दीसच होती.

गेल्या ऑगस्टात असाच ठिपका चार तास हलला नाही. तिने बचाव पथकाला फोन केला. आमच्याकडे पथक म्हणजे गावचीच माणसं, हातातलं काम टाकून येणारी. त्या दिवशी तर आठवड्याने ऊन पडलेलं, सगळ्यांचं गवत वाळत घातलेलं. चौदा जण गवत तसंच सोडून वर गेले. हाफ्लिदी कुंडात उघडाबंब घोरत होता आणि ट्रॅकर त्याच्या बुटात. ते खाली येईपर्यंत पाऊस आला आणि गवत कुजलं.

पण गवताचं दुःख चार दिवसांचं. दर फेब्रुवारीत गावजेवण होतं, तिथे मेंढीचं भाजलेलं डोकं खाताखाता गेल्या वर्षात कुणी काय गाढवपणा केला त्याचं नाटुकलं करतात. पथकाचा प्रमुख ब्रांदुर, जो एरवी गाड्या दुरुस्त करतो, त्याने थोर्दीसचा झगा घातला, डोक्याला फडकं बांधलं आणि नऊ कडव्यांचं गाणं म्हटलं. धृपद अख्खं सभागृह टेबलं बडवत गात होतं:

‘धावा रे धावा, दोर आणा,
म्हातारा सापडला, चड्डी आणा!’

थोर्दीस हसली. हसावंच लागतं, न हसणाऱ्यावर पुढच्या वर्षी दुसरं गाणं होतं. हाफ्लिदीही हसला. घरी आल्यावर मात्र त्याने ट्रॅकर आणि काळ्या टेपचं बंडल स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

“गुंडाळ त्या झाकणावर. तीन वेढे.”

“बाबा, अरे ते लाल बटण आहे. तेच तर...”

“चुकून दाबलं गेलं तर पुन्हा गाणं. गुंडाळ.”

तिने गुंडाळली, घट्ट ओढून. खरं सांगायचं तर तिलाही तेच हवं होतं. आणि डबी बुटात राहायला नको म्हणून बापाने ती गाडीच्या हँडलवर कायमची बसवून टाकली.

एक एकेचाळीसला तिसरा निरोप आला. मग चौथा. प्रत्येकात तेच: सगळं ठीक आहे.

बटण अडकलं असेल, ती स्वतःला म्हणाली. खिशात दाबलं जात असेल. पण डबी खिशात नव्हती, हँडलवर होती. मग वाटलं, गरम पाण्यातून उठून पुन्हा पुन्हा गाडीपाशी जाऊन कोण बटण दाबेल? मग वाटलं, म्हातारपण, विसरत असेल. मनाला समजूत घालायची ठरवली की कारणांना तोटा नसतो. तिने कुंडाजवळच्या विश्रामझोपडीतल्या उपग्रह-फोनवर फोन लावला. वाजत राहिला. झोपडीची राखण करणारा पुढच्या आठवड्यात येणार होता, हे तिलाही माहीत होतं.

खिडकीतून गरम पाण्याचा गोल हौद दिसत होता. त्यात नेहमीची मंडळी गळ्यापर्यंत बसलेली. मधोमध ब्रांदुर, हात पसरून. वीस पावलं. फक्त वीस पावलं चालायचं आणि सगळ्यांदेखत एक वाक्य बोलायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. थोर्दीस ताकाला तोंडच लावत नव्हती. ती टॉवेल मोजत बसली. फोन वाजत होता. आठ. नऊ. दहा.

बाहेर लख्ख ऊन होतं. सकाळपासून एक ढग नाही.

दोन दहाला एक पर्यटक आला, शॉवरची नळी गळतेय म्हणाला. थोर्दीसने खणातून काळ्या टेपचं बंडल काढलं आणि नळीपाशी गेली. टेपचं टोक सापडेना. तिने डाव्या हाताने बंडल धरलं, उजव्या हाताच्या नखांनी खरवडलं, फिरवलं, पुन्हा खरवडलं. शेवटी दातांनी धरून ओढलं तेव्हा कुठे सुटलं.

दोन हात, दहा नखं आणि दात. हे सगळं लागलं. ज्याच्यापाशी एकच हात मोकळा असेल, तोही कसाबसा पोचत असेल, त्याने काय करायचं? त्याला जे बटण दाबता येतं ते तो दाबणार. त्यावर काय लिहिलंय याला काय अर्थ!

ती पाण्याचा नळ चालू ठेवूनच धावली.

“काय गं, टॉवेल कमी पडले?” ब्रांदुर म्हणाला.

“बाबा ग्राऊच्या उतारात अडकलाय.”

हौदाच्या पलीकडून कुणीतरी हळूच गुणगुणलं, धावा रे धावा. दोघंतिघं फिसकन हसले.

“लाल बटण दाबलंय?” ब्रांदुरने विचारलं. तोही हसू दाबत होता.

“नाही. त्याला ते दाबता येणार नाही.”

“मग तुला कसं कळलं?”

“तो सांगतोय, सगळं ठीक आहे. चौदा वेळा सांगितलंय.”

आता मात्र ब्रांदुरलाही हसू फुटलं. “अगं बाई, सगळं ठीक आहे म्हणतोय तर...”

“कोण? हाफ्लिदी?” लौफेय मध्येच बोलली. ती हौदाच्या कडेला डोळे मिटून बसली होती. शाळेत हाफ्लिदीच्याच बाकावर असायची. तिने डोळे उघडले. “चौदा वेळा? त्याने मला सतराव्या वर्षी नाचायला विचारलं होतं. मी केस बांधत होते, म्हटलं थांब जरा. बावन्न वर्षं झाली, अजून दुसऱ्यांदा विचारायचाय. ब्रांदुर, ऊठ.”

कुणी हसलं नाही. ब्रांदुरने वर पाहिलं, आभाळाकडे. मग सगळ्यांनीच पाहिलं. कुणाला सांगायची गरज नव्हती. उन्हाच्या दिवशी वरचं बर्फ वितळतं आणि ते पाणी दुपारनंतर उतारापर्यंत पोचतं. ग्राऊ सकाळी गुडघ्याएवढी असते. चारला तीत घोडा वाहून जातो.

“किती वाजले?”

“सव्वादोन.”

ब्रांदुर ओल्या चड्डीनिशी पळाला. दहा मिनिटांत पथकाचा उंच चाकांचा ट्रक तलावाच्या दारात होता, आत पाच जण, अर्ध्यांच्या केसांतून पाणी गळत. बचावाचं हेलिकॉप्टर पश्चिमेकडे एका जहाजाच्या मदतीला गेलं होतं. साडेचारच्या आत येणं शक्य नव्हतं. थोर्दीस न विचारता मागे चढली. तिला कुणी उतर म्हटलं नाही.

शेवटच्या शेतापाशी सतरावा निरोप आला, दोन अडतीसला. त्यानंतर फोनची रेंज गेली. पुढे काळा दगड, खड्डे आणि इंजिनाचा आवाज. ठिपका नाही, निरोप नाही. मघाशी टिंग वाजलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. आता ते वाजत नव्हतं तर श्वास घ्यावासा वाटत नव्हता. तिने ब्रांदुरच्या मानेकडे बघत पन्नास मिनिटं काढली.

नदी दिसली तेव्हा ती करडी, फुगलेली आणि वेगात होती. प्रवाहाच्या मधोमध मोटरसायकलचं एक चाक पाण्याबाहेर होतं. त्याच्या शेजारी एक लाल हेल्मेट. आणि हेल्मेटपासून हँडलपर्यंत ताणलेला एक हात.

“बाबा!”

हेल्मेट हललं.

ब्रांदुर ट्रकमधून उडी मारून छातीएवढ्या पाण्यात शिरला आणि घसा फोडून ओरडला, “दोर आणा! धावा, दोर आणा!”

सगळे धावले. ते शब्द कुठले आहेत हे प्रत्येकाला कळलं असणार. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मोटरसायकलच्या बाजूची सामानाची पेटी त्याच्या पायावर पडली होती. उताराच्या मध्यावर खडीचा उंचवटा होता, तिथे तो आपटला तेव्हा जागा कोरडी होती. मग पाणी आलं, घोट्याला, कमरेला, काखेला. चौघांनी गाडी उचलली, दोघांनी त्याला ओढलं. पाय मोडलेला, ओठ निळे. पण शुद्ध होती. हँडलवरून डबी कापून घ्यायला त्याने ब्रांदुरला हातानेच खुणावलं.

ट्रकमध्ये त्याला चार घोंगड्यांत गुंडाळलं. थोर्दीसने त्याचे हात आपल्या स्वेटरखाली, उघड्या पोटावर धरले. बर्फासारखे होते. बराच वेळ त्याचे दात नुसते वाजत राहिले. मग तो म्हणाला,

“पहिला निरोप... कधी पोचला?”

“एक पस्तीसला.”

चाळीस वर्षं ज्याने तो रस्ता सपाट केला त्याला तो रस्ता किती वेळाचा हे सांगावं लागत नाही. त्याने हिशेब केला असणार. त्याने काहीच विचारलं नाही, म्हणून तिलाच बोलावं लागलं.

“मी चाळीस मिनिटं बसून राहिले, बाबा. टॉवेल मोजत. लोक हसतील म्हणून.” आणि ती रडायला लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी.

“टेप कुणी लावायला सांगितली?” तो म्हणाला. “मीच ना? तेही हसतील म्हणूनच.”

पुढे बसलेल्या ब्रांदुरची मान कानांपर्यंत लाल झाली. त्याने खिशातून चाकू काढला, मांडीवर डबी धरून टेपचे तीनही वेढे कापले, उरलेला चिकटा नखाने खरवडून काढला आणि डबी मागे दिली.

“गाणं मी लिहिलं होतं,” तो म्हणाला. जणू कुणाला माहीतच नव्हतं.

“चाल बरी होती,” हाफ्लिदी म्हणाला.

शेवटच्या शेतापाशी फोनची रेंज परत आली. थोर्दीसच्या खिशात टिंग वाजलं. मग पुन्हा. मग थांबेचना. वर अडकून राहिलेले निरोप एकेक करून उतरत होते. दोन एक्केचाळीस, सगळं ठीक आहे. दोन बेचाळीस, सगळं ठीक आहे. दोन त्रेचाळीस. ट्रक चालवणाऱ्याने वेग कमी केला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. सुरुवातीचे मिनिटामिनिटाने होते. तीननंतर चार मिनिटांनी, मग सात. तीन पंधरा, सगळं ठीक आहे. मग तीन सव्वीस.

तो शेवटचा, असं वाटेपर्यंत आणखी एक वाजला. चार वाजून दोन मिनिटं.

“हा कधीचा?” तिने विचारलं. “आपण तर तेव्हा गाडीत होतो.”

हाफ्लिदीने डोळे मिटले होते. घोंगडीखालून त्याने डबी तिच्या मांडीवर सरकवली.

“हा खरा आहे,” तो म्हणाला. “पुन्हा सांगणार नाही.”