नऊ नंबरचा बिल्ला

डॉ. श्रीधर आणि सिस्टर यमुताई आंबोकर स्मृती शिष्यवृत्तीचे नियम मी लिहिले. एकूण अकरा. मला विचाराल तर अकराही उत्तम आहेत. डॉक्टरांच्या महाल भागातल्या दवाखान्यात मी, दत्तोपंत, एकतीस वर्षं कंपाउंडर होतो. शिस्त म्हणजे काय हे तिथे फक्त मला ठाऊक होतं.

डॉक्टरांना पेशंटचा नंबर कधीच कळला नाही. समोर जो बसेल त्याला म्हणायचे, "जीभ दाखव." रांग मी सांभाळायचो, पितळेचे बिल्ले वाटून. आणि ती मोडायच्या यमुताई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी आणि दवाखान्याच्या नर्स. बाकावरून एक फेरी मारायच्या, कपाळांना हात लावायच्या, आणि जो जास्त तापलेला त्याला एक नंबरचा बिल्ला देऊन मोकळ्या. मूळचा एक नंबरवाला भांडायला माझ्याकडे. शेवटी वैतागून मी भिंतीवर पाटी रंगवून लावली : "बिल्ले बदलू नयेत." यमुताईंनी वाचली. "अक्षर छान आहे हो तुमचं," म्हणाल्या, आणि पाटीच्याच खिळ्याला आपली पिशवी अडकवली. पुढची बावीस वर्षं पिशवी तिथेच होती. पाटी कुणाला दिसली नाही.

आता दोघंही गेली. पिशवी गेली, पाटी दिसू लागली. त्याच खोलीत दरवर्षी शिष्यवृत्तीच्या मुलाखती होतात. नर्सिंगला जाणाऱ्या एका मुलीची पूर्ण फी भरली जाते. बिल्ले तेच आहेत, सकाळी मी ते पाटीखालीच उभा राहून वाटतो. नियम सातवा : बिल्ला बदलणारी उमेदवार बाद.

यंदा नऊ मुली आल्या. एक नंबर पारशिवनीच्या पिंकीचा. मार्क तिचेच सगळ्यांत जास्त. डॉक्टरांचा पुतण्या विक्रम आमचा अध्यक्ष, तो सकाळीच म्हणाला होता, "काका, हिचंच नक्की समजा."

अकराला मी "एक नंबर" पुकारलं आणि आत आली गांधीबागेतली रितिका, जिला मी स्वतः नऊ नंबर दिला होता. डोळे लाल, ओठ सुकलेले. चार प्रश्नांना तिनं चार वेळा "हो" म्हटलं, त्यातला एक प्रश्न तिचं नाव काय हा होता. विक्रमनं फॉर्मवरचा पिंकीचा फोटो पाहिला, तिला ऑटोत बसवून घरी पाठवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी बाहेर गेलो. पिंकी बाकाच्या टोकाला नऊ नंबर मुठीत धरून बसली होती.

"काहून बदलला गं?" रागावलो की माझ्या तोंडून 'का'चं काहून होतं.

"तिचं अंग तापून राहिलं होतं, काका. दोन वाजेपर्यंत कशी बसली असती? मले काही घाई नाही."

"पाटी वाचली नाहीस?"

"वाचली ना. पण तिले ताप होता."

तिला आत नेलं. विक्रमनं लाल पेन उघडलं होतं. "वाईट वाटतं, काका, पण दोघीही बाद. सातवा नियम. तुम्हीच लिहिलाय."

"सर," पिंकी म्हणाली, "यंदा नाही झालं तर बाबा मले पुढे शिकवत नाहीत. लग्नाचं पाहून राहिले." पत्ता सांगावा तसं सांगितलं तिनं. "माफी मागते. पण तिले आधी पाठवलं ते चुकलं, असं नाही म्हणत."

भिंतीवर हार घातलेले दोन फोटो होते आणि खाली माझी पाटी. अक्षर खरंच छान आहे. एकतीस वर्षं मी त्या बाईशी भांडलो, आणि तिची इतकी आठवण मला तिच्या तेराव्यालाही आली नव्हती.

"विक्रम," मी म्हटलं, "या नियमानं पहिली बाद होते ती तुझी काकू."

विक्रमनं फोटोकडे पाहिलं. मग त्यानं पेनाला टोपण लावलं.

मी खांद्यावरची डब्याची पिशवी काढली, डबा बाहेर घेतला आणि पिशवी पाटीच्या खिळ्याला अडकवली. पिंकीला म्हटलं, "बाकावर जाऊन बस. तुझा नंबर नववा आहे." शेवटी शिस्त ती शिस्त. मग दारातून दोन नंबर पुकारला.

दोन वाजता नऊ नंबर आत आला, आणि शिष्यवृत्ती त्या नंबरालाच मिळाली. पिशवी मी तिथेच राहू दिली. डबा हातात धरून घरी गेलो.